सीट हलवायची नाही

गाडी दुरुस्तीला आली की कोणताही मिस्त्री आधी बोनट उघडतो. आमचा मिस्त्री आधी चपला काढायचा. मग ड्रायव्हरच्या दारातून एक पाय आत, थांबून दुसरा पाय आत, थंड पाण्यात उतरावं तसा. दार लावून घ्यायचा, काचा वर करायचा, अनवाणी पाय पेडलांवर ठेवायचा आणि डोळे मिटायचा. कधी पंधरा मिनिटं, कधी तासभर. गिऱ्हाईक बाहेर उन्हात उभं.

त्याची एकच अट असायची आणि ती तो आधीच कळवायचा. गाडी ओढत आणा, ढकलत आणा, पण सीट हलवायची नाही. आरसाही शेवटच्या माणसानं ठेवला असेल तसाच राहू द्यायचा.

हे मी ऐकीव सांगत नाही. त्या उन्हात मी उभा राहिलेलो आहे. आणि मी कोण तेही सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचून कोणाला वाटायला नको की हा ताईत-गंडेवाला दिसतो. मी बी.कॉम. आहे. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. बाप चौथी, आईचा अंगठा. माझ्या पदवीची फ्रेम तेव्हा आमच्या समोरच्या खोलीत देवाच्या फोटोच्याही वर होती, आणि ती तिथं मीच टांगली होती. सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. अंगात येणं, करणी, यातलं काही मी मानत नाही. जे पाहिलं ते लिहितो.

दिघोरीच्या पुढं, उमरेड रोड सोडून आत वळलं की त्याचा प्लॉट होता. चिंचेचं झाड, पत्र्याचं शेड, शेडला लागून दोन खोल्या. खोल्यांत मिस्त्री आणि त्याची बायको, दोघंच. प्लॉटवर कायम चार-पाच गाड्या उभ्या असायच्या. सगळ्या जुन्या, सगळ्या मालक गेल्यावर वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या. नव्या गाड्या तो घ्यायचा नाही.

“त्यायच्यात कॉम्प्युटर असते, भाऊ,” तो म्हणायचा. “तो पहिलेच सारं बकून टाकते. माह्यासाठी काय उरलं?”

त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण झिजेला तो ‘अक्षर’ म्हणायचा. गिअरच्या मुठीवरचा गुळगुळीत डाग, स्टीअरिंगवर अंगठ्यानं पाडलेला खळगा, चटईला टाचेनं पाडलेलं भोक, हे सगळं अक्षर. ते वाचून तो सांगायचा की कार्बोरेटर का तुंबला, क्लच प्लेट का जळली, आणि बोनट उघडल्यावर ते तसंच निघायचं. यात काही जादू नाही. आमच्या ऑफिसातला जुना शिपाईसुद्धा फाइल धरण्यावरून ओळखतो की साहेब सही करणार की नाही.

पण पुढची गोष्ट मला कधी समजली नाही. गाडी प्लॉटवर असेपर्यंत मिस्त्री हळूहळू त्या गाडीच्या शेवटच्या चालकासारखा व्हायचा.

समोरच्या पानठेलेवाल्यानं मला हे पहिल्याच दिवशी सांगितलं. “भाऊ, तुम्ही गाडी टाकून चालले, पन आठ दिवसांनी येजा अन् पाहजा. मांगच्या उन्हाळ्यात हा महिनाभर लंगडला. मी म्हनलं, काय गा मिस्त्री, पडला का? तं म्हनते, मी नाई, तो लंगडते. पोलिओवाल्या मास्तरची गाडी आली होती. गाडी गेली, पाय सरळ.”

“नाटकं करत असंन,” मी म्हणालो.

“आपल्यालेही तसंच वाटे. पन नाटकाले पायातल्या चपला एका बाजूनं झिजत नाई ना.”

मिस्त्रीची बायको, तिला मी काकू म्हणायचो, या सगळ्याला सरावली होती. सकाळी चहा करताना ती आतून हाक मारायची, “आज कोन हाये गा घरात? साखर टाकू का नको?” आणि बाहेरून जे उत्तर येईल त्याप्रमाणे चहा करायची. डॉक्टरीणबाईंची गाडी होती तेव्हा म्हणे मिस्त्री तासातासाला कोपरापर्यंत हात धुवायचा आणि जेवताना काकूच्या डोळ्यांखालची कातडी ओढून बघायचा. “रक्त कमी हाये म्हने माह्यात,” काकू हसत सांगायची. मग हसू आवरून म्हणायची, “दवाखान्यात दाखवलं, तं खरंच कमी निघालं बाप्पा.”

एक गाडी मात्र त्यानं परत पाठवलेली मी पाहिली. दिसायला चकचकीत, मीटरवर भरपूर किलोमीटर. तो आत बसला आणि दोन मिनिटांत बाहेर आला. दाराच्या मुठीला हात न लावता, फडक्यानं धरून दार लावलं.

“ही मी नाई घेत. इतकी चालली, पन चालवलं कोनीच नाई. पेडल पाहा. कोरे.”

“रबर बदललं असेल,” गाडीवाला म्हणाला.

“सीट पाहा. मूठ पाहा. सारंच बदललं का?”

गाडीवाल्यानं किल्ली मागून घेतली. त्याच्या चेहऱ्यावरून मला वाटलं, त्यालाही ते ठाऊक होतं.

मिस्त्रीची स्वतःची गाडी नव्हती, सायकलसुद्धा नाही. सगळीकडे पायी नाही तर बसनं. पाने-पकडीच्या मुठींना तो दर सोमवारी नवी चिंधी गुंडाळायचा आणि जुनी जाळून टाकायचा. एकदा विचारलं, काहून म्हणून. तर म्हणाला, “मी साऱ्यायले वाचतो, भाऊ. मले कोनी वाचलं तं मी कोठी राहू?”

आता माझं काम काय होतं ते सांगतो.

माझा बाप गांधीबागेतल्या एका कापडाच्या शेठजींचा ड्रायव्हर होता. गोल नाकाची ती पांढरी जुनी गाडी, जिच्यात एके काळी सगळे सरकारी साहेब बसायचे, तीच तो चालवायचा. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना शेठजींनी ती गाडी बापाच्या नावावर करून दिली आणि त्याला कामावरून मोकळं केलं. आम्ही गल्लीत पेढे वाटले होते. इमानदारीचं बक्षीस, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. नंतरची अकरा वर्षं बापानं तिच्यावर भाड्याच्या सवाऱ्या केल्या, लग्नाच्या, दवाखान्याच्या. फक्त गुरुवारी नाही. गुरुवारी जेवण झालं की एकटाच गाडी घेऊन निघायचा आणि दिवस मावळायच्या आत परत यायचा. कुठं गेला होता, हे त्यानं आईला कधी सांगितलं नाही. एकदा ती फार धरून बसली तेव्हा त्यानं दोनदा घसा खाकरला, म्हणजे बोलायच्या आधी तो खाकरायचा तसा, आणि मग बोललाच नाही.

आईनं आपलं उत्तर आपणच काढलं. तिकडे कोणी बाई आहे. बाप जाऊन सात वर्षं झाली होती, पण त्याचा फोटो तिनं भिंतीवर लावू दिला नव्हता. पेटीत, साड्यांच्या खाली, पालथा पडला होता. गाडी घराच्या बाजूला ताडपत्रीखाली सडत होती. मी ती विकायची ठरवली, तेव्हा आई एवढंच म्हणाली, “विकजो. पन पहिले तिले विचार, कोठी जाये तो.”

गाडीला कोण विचारणार? ऑफिसातल्या एकानं मिस्त्रीचा पत्ता दिला.

मी त्याला गाडी दाखवली, आईचा प्रश्नही सांगितला. त्यानं ऐकून घेतलं आणि चपला काढल्या. त्या दिवशी तो दीड तास आत बसला. बाहेर आला तेव्हा घामानं भिजलेला होता.

“लंबा मानूस होता. सीट पार मांगं हाये,” म्हणाला. “उजव्या हाताचा अंगठा आखूड.”

बापाचा अंगठा इंजिनाच्या पट्ट्यात सापडून तुटला होता. स्टीअरिंग वाचणाऱ्याला ते कळू शकतं, असं मी मनाशी म्हटलं.

कामाला सुरुवात झाली. टाकीतलं पेट्रोल काकवीसारखं घट्ट झालं होतं. टाकी काढून, आत खडे आणि साखळी टाकून त्यानं ती दोन दिवस हलवून धुतली. क्लच प्लेट गंजून चिकटून बसली होती, ती सोडवली. वायरिंग उंदरांनी खाल्लं होतं. मी रविवारी आणि सुटीच्या दिवशी जायचो. एका रविवारी त्यानं माझ्या हातात दोन रबरं दिली.

“तुम्ही शिकलेले. वाचा बरं.”

एक अॅक्सिलेटरच्या पेडलचं, जवळजवळ नवं. दुसरं ब्रेकचं, घासून घासून पापडासारखं झालेलं, एका कोपऱ्यात आरपार.

“म्हणजे ब्रेक जास्त मारायचा,” मी म्हणालो.

“जास्त? या मानसानं गाडी चालवलीच नाई, भाऊ. यानं अकरा वर्षं गाडी थांबवली. ब्रेकचे लायनर पाह्यले, खिळे लागेपर्यंत घासले. भेव हाये याच्या पायात. पहिलेपासून नाई. पहिले हा भन्नाट चालवे, स्टीअरिंगवर लिहून हाये. मंग एका दिवसापासून भेला.”

बाप आधी काटोल तासाभरात गाठायचा म्हणून गांधीबागेत त्याचं नाव होतं. गाडी आमच्याकडे आल्यावर मात्र सायकलवाले त्याच्या पुढं जायचे. आम्ही म्हणायचो, वय झालं. तेव्हा त्याचं वय पन्नाशीच्याही आतलं होतं, हे मला ते रबर हातात धरल्यावर सुचलं.

पुढच्या वेळी त्यानं स्टीअरिंगखालची एक वायर दाखवली. हॉर्नची. मधोमध तुटलेली.

“उंदीर,” मी म्हणालो.

“उंदराचे दात इतके सरळ नसते. पक्कडीनं कापली. अन् पाहा, दोन्ही टोकांले येगयेगळी टेप लावली, जपून. कोनी चुकूनही जोडू नये म्हनून. हे तुमच्या बाबानं केलं.”

सवाऱ्या बापाशी भांडायच्या, हॉर्न का वाजवत नाही म्हणून. तो म्हणायचा, हळूच तं चाललो. मला वाटायचं, हॉर्न बिघडला असेल आणि दुरुस्तीला पैसे नसतील.

त्याच दिवशी निघताना काकूनं मला बाजूला बोलावलं. आज ती हसत नव्हती.

“तुमचे बाबा घरात येतानी चपला कशा काढत?”

“म्हणजे?”

“हे पाहा.” दारात मिस्त्रीच्या चपला होत्या, टाचा घराकडे, तोंडं रस्त्याकडे. “चार दिवस झाले, असंच काढते. आतून हाक मारली तं जेवता जेवता उठून उभा होते. मी म्हनलं, बसा ना, कोनी नाई बोलावलं. तं म्हनते, बोलावतीन.”

शेठजी कधी हाक मारतील याचा नेम नसायचा. बाप आयुष्यभर चपला तशाच काढायचा. हे मी मिस्त्रीला सांगितलं होतं का? मी पुष्कळ आठवून पाहिलं. सांगितलं नव्हतं.

दसऱ्याच्या दिवशी ऑफिसला सुटी होती. सकाळीच सोनं घेऊन गेलो. काकू आरतीचं ताट घेऊन प्लॉटवरच्या गाड्यांची पूजा करत होती, एकेका गाडीला हळद-कुंकू, झेंडूचं फूल, चाकाखाली लिंबू. आमच्या गाडीपाशी आली. बोनटला कुंकू लावलं, उजव्या मडगार्डला लावलं, आणि वळसा घालून डावीकडे गेली.

मिस्त्री शेडमध्ये पाठमोरा बसून प्लग घासत होता. त्यानं मान वळवली नाही. दोनदा घसा खाकरला.

“डावीकडं कुंकू नाई लावायचं.”

“काहून गा?” काकू म्हणाली.

“नुसतं पानी घाल. पांढरं फूल ठेव.”

माझ्या हातातली आपट्याची पानं खाली पडली.

आमच्या घरी दर दसऱ्याला यावरून भांडण व्हायचं. बाप आईला डाव्या मडगार्डला कुंकू लावू द्यायचा नाही. स्वतः पाणी घालायचा, एक पांढरं फूल ठेवायचा आणि थोडा वेळ तिथं उभा राहायचा. आई म्हणायची, अर्ध्या गाडीची पूजा कोणी करते का? ही गोष्ट मी कोणाला सांगणं शक्यच नव्हतं, कारण मी स्वतःच ती विसरून गेलो होतो.

मी शेडमध्ये जाऊन मिस्त्रीसमोर उभा राहिलो. “तुम्हाला कसं माहीत?”

त्यानं वर पाहिलं. डोळे त्याचेच होते, दमलेले. “डावा मडगार्ड ठोकून सरळ केला हाये. वरून पुट्टी. चांगल्या कारागिरानं केलं, दिसत नाई. पन डाव्या हेडलाइटची रिंग दुसऱ्या गाडीची हाये. पाहा, उजवी जाड, डावी पातळ. मूळची रिंग कोठी तरी पडली.” मग प्लग पुसत म्हणाला, “काचेखालच्या जाळीत पानं सापडली, वाळलेली. संत्र्याची हायेत. गुरुवारी या, भाऊ. चक्कर मारून पाहू.”

मडगार्ड ठोकलेला होता हे खरं. पण ठोकलेल्या पत्र्यावरचं कोणतं अक्षर पांढरं फूल सांगतं?

गुरुवारी अर्धी रजा टाकली. गाडी चालू होती. सात वर्षांनी तिचा आवाज ऐकला. मी पुढचं दार उघडायला गेलो, तर मिस्त्री लगबगीनं उतरला आणि त्यानं माझ्यासाठी मागचं डावं दार उघडून धरलं.

“बसा.”

बाप मला कधी पुढं बसू द्यायचा नाही, गाडीही शिकवली नाही. शिकलेला माणूस मागं बसते, म्हणायचा. मी मागं बसलो. मिस्त्री नेहमी उमरेड रोडनं चाचणी घ्यायचा, घरापासून पाच मिनिटांवर. त्या दिवशी त्यानं काही न बोलता गाडी शहरात घातली. सगळं नागपूर आडवं पार करून आम्ही काटोल रोडला लागलो.

तो बापासारखा चालवत होता. जरा वेग, लगेच ब्रेक. जरा वेग, लगेच ब्रेक. खांदे वर चढलेले. आरशात त्याचे डोळे दिसत होते आणि ते माझ्याकडे नव्हते, रस्त्याच्या डाव्या कडेकडे होते. शहर सुटलं, ढाबे सुटले, दोन्ही बाजूंनी संत्र्याच्या बागा लागल्या. अशा बागा त्या रस्त्यावर एकीला एक लागून आहेत. एका वळणाच्या अलीकडे त्यानं गाडी इतकी हळू केली की चाकाखालचा एकेक खडा ऐकू येत होता. मग ती थांबलीच. दुपारचं ऊन, रस्त्यावर कोणी नाही, काहीच कारण नाही. मिस्त्री दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून समोर बघत बसला.

माझा जीव घाबरा झाला होता, आणि घाबरलेला माणूस आवाज चढवतो. मी मागून म्हणालो, “चाल ना! काहून थांबला?”

त्याच्या पाठीला विजेचा झटका बसावा तसं झालं. गाडी पुढं निघाली. पन्नास-साठ पावलांवर, वळणाच्या पल्याड, पत्र्याचं चहाचं दुकान होतं. तिथं त्यानं ती कडेला लावली.

दुकानात साठीची एक बाई चहा गाळत होती. गाडी पाहिली आणि तिचा गाळणीचा हात थांबला. मिस्त्री उतरला. बाकापाशी गेला, चपला काढून रस्त्याकडे तोंड करून ठेवल्या आणि बाकाच्या टोकाला, रस्त्याकडे पाठ करून बसला.

“सात वर्षं झाले,” बाई म्हणाली. “मले वाटलं, मेला.”

मी पुढं झालो. “मावशी, हे ते नव्हेत. हे मिस्त्री आहेत, गाडीचे...”

“मले डोळे हायेत, बाबू. हा तो नाई, दिसून राह्यलं.” तिनं मिस्त्रीवरची नजर काढली नाही. “पन बसला त्याच्याच जागी. तो दर गुरुवारी इथंच बसे. एक चहा पिये, पानी पिये, जाये. अकरा वर्षांत एक शब्द नाई बोलला.” मग मिस्त्रीकडे वाकून म्हणाली, “आज तरी बोलशील का गा?”

मिस्त्रीनं दोनदा घसा खाकरला.

“गाडी मीच चालवत होतो, बाई,” तो म्हणाला. आवाज मिस्त्रीचाच होता. शब्दांमधली थांबण्याची जागा माझ्या बापाची होती. “हॉर्न वाजवला, ब्रेक नाई मारला. वाटलं, बाजूले होईन. मंग मांगचा मानूस म्हनाला, चाल, काहून थांबला. मी चाललो.”

मागचा माणूस मीच होतो. पाच मिनिटांपूर्वी तेच शब्द मी बोललो होतो. तो माझ्याबद्दल बोलत होता की मी बसलो त्या जागेवर अठरा-एकोणीस वर्षांपूर्वी बसलेल्या शेठजींबद्दल, हे मी आजही सांगू शकत नाही.

बाईनं गाळणी खाली ठेवली. स्टोव्ह फरफरत होता. मग तिनं पाण्याचा माठ दोन्ही हातांनी उचलला. माठाखाली बूड टेकायला एक गोल, जाड, चकचकीत रिंग होती. ती तिनं बाकावर आणून ठेवली, गाडीच्या उजव्या दिव्याकडे बोट केलं आणि डाव्या दिव्याकडे केलं. सांगायला काही उरलं नाही.

“आमचे मालक या बागेची राखन करत,” ती म्हणाली. “सायकलवर होते. नागपूरले नेता नेता गेले. हे त्यायच्याजवळ पडलं होतं. लोक म्हनाले, अशा गाड्या गल्लोगल्ली, कोठी शोधशील? दोन-तीन महिन्यांनी हा आला, चहा प्यायले. पाह्यलं तं गाडीचा एक डोळा येगळा. त्याच दिवशी माठाखाली रिंग ठेवली, त्याले दिसन अशी. त्यानं पाह्यली. पुढच्या गुरुवारी पुन्हा आला.”

“तुम्ही काही बोलल्या नाही?” मी विचारलं.

“पहिले वाटे, चहात काहीतरी कालवावं. मंग वाटे, पहिले बोलू दे त्याले. अकरा वर्षं साखरच टाकत राह्यली.” ती मिस्त्रीला म्हणाली, “उशीर केला गा लय.”

मिस्त्री मान खाली घालून बसला होता. आता बोलायची पाळी माझी होती आणि एवढा शिकूनही मला वाक्य जुळवता येत नव्हतं. “मी त्यांचा मुलगा,” एवढंच म्हणालो.

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन.

“मांगं बसून आला ना? जातानी पुढं बसजो.”

मी रिंगेला हात लावला तशी तिनं ती ओढून घेतली. “हे नाई देत. माठ लवंडन.” आणि तिनं रिंग पुन्हा जागेवर ठेवली, वर माठ ठेवला आणि आम्हाला दोघांना चहा दिला. मी तो प्यायलो. गोड होता.

येताना मी पुढं बसलो. गाडी शेठजींनी दिली ते वर्ष आणि या अपघाताचं वर्ष एकच, हे मला रस्त्यातच उमगलं. माझी शेवटच्या वर्षाची फीसुद्धा त्यांनीच भरली होती. बाप तेव्हा रडला होता. आम्हाला वाटलं, आनंदानं.

घरी आई दारातच होती. “बाई होती ना?”

“होती,” मी म्हणालो, आणि तिला खाली बसवून सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, “मंग मले काहून नाई सांगितलं मेल्यानं? मी गेली असती ना त्याच्यासंगं.” आणि मग ती रडली. सात वर्षांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी मी पदवीची फ्रेम उतरवून बाजूच्या भिंतीवर लावली. अभ्यास माझाच होता, तो मी टाकून देणार नाही. पण त्या वरच्या खिळ्यावर आईनं आता बापाचा फोटो लावला आहे. पुढच्या गुरुवारी तीही दुकानात जाऊन आली. दोघी काय बोलल्या, मला सांगितलं नाही.

गाडी आणायला गेलो तेव्हा मिस्त्रीनं विचारलं, “हॉर्न जोडू?” मी म्हणालो, जोडा. त्यानं जोडला, एकदा वाजवला आणि चालत घराकडे गेला. खांदे खाली, पाय मोकळे. ही त्याची स्वतःची चाल, असं मला वाटलं. मग वाटलं, कशावरून? आतून काकूची हाक आली, “कोन हाये गा?” उत्तर काय आलं ते ऐकू आलं नाही.

पुढल्या वर्षी त्या प्लॉटवर बिल्डिंग उठू लागली होती. पानठेलेवाला म्हणाला, दोघं काकूच्या गावाकडे गेले, गाव कोणतं ते कोणी विचारलं नाही. माझ्या डिकीत त्याचा एक पाना राहून गेला होता. मी त्याची चिंधी सोडली. इतक्या वर्षांचा पाना, पण मुठीवर एक ओरखडा नाही, डाग नाही. दुकानातून आत्ताच आणल्यासारखा.

गाडी मी विकली नाही. चाळिशीला आल्यावर चालवायला शिकलो. सीट अजून हलवलेली नाही. बाप माझ्याहून उंच होता, त्यामुळे पेडलपर्यंत पाय ताणावे लागतात. चटईला त्याच्या टाचेनं पाडलेला खळगा आहे, त्यात टाच बसली की पाऊल आपोआप ब्रेकवर जातं. कोणाचंही जाईल. यात मानण्या-न मानण्यासारखं काही नाही.

दर गुरुवारी अर्धी रजा टाकून जातो. मागच्या गुरुवारी दुकानापाशी गाडी लावली, उतरलो. बाई पाठमोरी भांडी विसळत होती. चहा सांगण्याआधी माझा घसा आपसूक दोनदा खाकरला गेला.

तिनं मागं वळून पाहिलं नाही. “आला का गा?” म्हणाली.

मी खाली बघितलं. चपला मी काढून ठेवल्या होत्या, रस्त्याकडे तोंड करून.

“आलो, बाई,” मी म्हणालो.